तो टपरीवर उभा असतो आणि ठाण्यात एनसी मिळते

ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कामाला आहे. सासर सातारा जिल्ह्यात. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी सहा वर्षांची. मारहाण पहिल्या वर्षापासून होती. मी शिवणकाम करायचे, ते पैसेही तो काढून घ्यायचा. चार महिन्यांपूर्वी मुलीला घेऊन माहेरी आले आणि ही नोकरी धरली.

सुरुवातीला तो फोनवर रडायचा. आता दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी पतसंस्थेसमोरच्या टपरीवर उभा असतो. बोलत काही नाही. मी सुटले की एसटी स्टँडपर्यंत मागे मागे येतो. दोनदा मुलीच्या शाळेच्या फाटकाशी दिसला, म्हणाला, पोरीला बघायला आलोय. व्हॉट्सअॅपवर मेसेजचा मारा चालू असतो, ब्लॉक केलं की नव्या नंबरवरून. ‘तू नाही आलीस तर तुझ्यासमोर जीव देईन, आणि तूपण राहणार नाहीस,’ असा एक आला होता, तो त्याने नंतर डिलीट केला. मी बहुतेक वेळा गप्प बसते, कधी ‘आता नको, नंतर बघू’ असं लिहून वेळ मारून नेते.

ठाण्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. ‘नवराच आहे ना, उभाच तर राहतोय, हात लावला तर या,’ असं सांगितलं. महिला कक्षात दोघांना बोलावून समजूत घातली. तिथे त्याने हात जोडले, चौथ्या दिवशी परत टपरीवर हजर. भाऊ म्हणतो, एकदा धरून ठोकतो. आई म्हणते, सुधारला असेल, घरोघरी हेच असतं. एक वकील म्हणाले, ४९८ टाकू, सगळं सासर आत घालू. मला कोणाला आत घालायचं नाही. त्याने मागे येणं थांबवावं, एवढंच हवंय. निघायच्या आदल्या रात्री त्याने गळा धरला होता, पण दवाखान्यात गेले नाही, म्हणून त्याचा पुरावा नाही. काय करू?

— एक वाचक

*

गळा धरल्याचं तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. घरातल्या हिंसेचे जगभर जे अभ्यास झालेत त्यांत एक गोष्ट ठळक दिसते. ज्या माणसाने बायकोचा गळा एकदा दाबला आहे, त्याच्या हातून पुढे तिचा जीव जाण्याचा धोका इतर मारकुट्या नवऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. दुसरं असं की बाई घर सोडते तेव्हा आणि त्यानंतरचे काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. तुम्ही नेमक्या त्या महिन्यांत आहात. तेव्हा ‘उभाच तर राहतोय’ हे दुसऱ्याचं वाक्य आहे, ते तुम्ही स्वतःशी म्हणू नका. हिंगणघाटला फेब्रुवारी २०२० मध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवणारा माणूसही आधी तिच्या मागेच फिरत होता. दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. पण ती शिक्षा तिच्या मृत्यूची झाली. मागे फिरण्याच्या दिवसांत तो अडवला गेला नव्हता. तुम्हाला हवंय ते अडवणं, आणि त्यासाठीचा कायदा आपल्याकडे आहे. तो वापरायला कुठल्या दारातून जायचं, एवढाच प्रश्न आहे. ठाण्यात तुम्हाला ते दार कोणी दाखवलं नाही.

पुरावा नाही असं तुम्ही म्हणता, ते आधी निस्तरू. दवाखान्याचा कागद नसला तरी तुमचं स्वतःचं म्हणणं हा पुरावाच असतो, फक्त ते नेमकं हवं. ‘गळा धरला’ या दोन शब्दांत न्यायाधीशाला काहीच दिसत नाही. आज रात्री निवांत बसून लिहून काढा. एका हाताने की दोन्ही, किती वेळ, श्वास बंद झाला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, नंतर आवाज बसला होता का, गिळताना दुखत होतं का, तेव्हा तो काय बोलत होता, मुलगी कुठे होती. माहेरी आल्यावर आईने गळ्यावरचे वळ पाहिले असतील, तर आईचंही प्रतिज्ञापत्र होऊ शकतं. त्या दिवसांत मैत्रिणीला काही सांगितलं असेल, फोटो पाठवला असेल, तर तो शोधा. आणि यापुढे अंगाला हात लागलाच, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि काय झालं ते डॉक्टरांना सांगून कागदावर घ्यायला लावायचं. ‘पडले’ म्हणायचं नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानेच उपचाराची जबाबदारी दवाखान्यावर टाकलेली आहे.

आता एनसी. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत, म्हणून ती नोंद वहीत राहते आणि पुढे काही हलत नाही. पण तुम्ही जे सांगितलंत ते अदखलपात्र नाहीच. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार तिचा पाठलाग करून संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि फौजदारी कायदा बदलला, तेव्हा भारतीय दंड विधानात ३५४ड हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथे ते कलम ७८ आहे. गुन्हा दखलपात्र आहे, आणि नवऱ्याला त्यातून सूट दिलेली नाही. कलमात ‘कोणताही पुरुष’ असं म्हटलंय, आणि नवरा त्यात येतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. वैवाहिक वादात आधी चौकशी करायला मुभा आहे. नव्या फौजदारी प्रक्रियेतही अशा गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण तिला चौदा दिवसांची मुदत आहे. एनसी देऊन घरी पाठवणं या कशातच बसत नाही.

त्या दोन एनसी मात्र फाडू नका. त्यांच्या प्रती जपून ठेवा, पुढे लागतील.

पुढच्या वेळी ठाण्यात तोंडी सांगायला जाऊच नका. लेखी अर्ज दोन प्रतींत न्या, एक ठाणे अंमलदाराकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोहोच देत नसतील तर वाद न घालता बाहेर या आणि तोच अर्ज स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा. गुन्हा नोंदवला नाही तर अधीक्षकांकडे आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, अशी पायरी कायद्यातच आहे. त्यासाठी पोस्टाची पावती तुमच्या हातात हवी. आणि अर्जात ‘सतत मानसिक त्रास देतो’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: ‘अमुक तारखेला संध्याकाळी सव्वासहा वाजता मी पतसंस्थेतून बाहेर पडले तेव्हा ते समोरच्या टपरीवर उभे होते. माझ्या मागे दहा-बारा पावलांवरून स्टँडपर्यंत आले. मी गाडीत बसेपर्यंत फलाटावर उभे राहिले. हे माझ्या सहकारी अमुक यांनी पाहिलं.’ अशा पाच तारखा सलग लिहिल्या की ‘उभाच तर राहतोय’ म्हणायला जागा उरत नाही. आजपासून एका वहीत हीच नोंद रोज करा.

कलम ७८ ला एक अट आहे, तुमचा नकार स्पष्ट हवा. ‘आता नको, नंतर बघू’ यातला ‘नंतर’ त्याचा वकील न्यायालयात मोठ्याने वाचून दाखवेल. तुम्ही ते भीतीपोटी लिहिलंत हे मला कळतं, अशा माणसाशी रोज वागलेली बाई असंच लिहिते. पण आता एकदाच, थोडक्यात, शिवी नाही की स्पष्टीकरण नाही: ‘मला तुमच्याशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा कोणामार्फत कसलाही संपर्क नको आहे. माझ्या कामाच्या ठिकाणी, घरी आणि मुलीच्या शाळेत येऊ नका.’ स्वतः पाठवायची भीती वाटत असेल तर वकिलामार्फत नोटिशीतून पाठवा. मेसेज जाईल त्या दिवशी घरी एकटं राहू नका. आणि त्यानंतर एका अक्षराचंही उत्तर द्यायचं नाही, रडला तरी नाही, मरतो म्हणाला तरी नाही. जीव देण्याची धमकी आली तर त्याला फोन न करता ११२ ला फोन करून त्याचा पत्ता सांगा. त्याला खरंच मदत हवी असेल तर ती त्यांच्याकडून मिळेल, आणि धमकी असेल तर त्याची नोंद होईल.

आता त्या वकिलांबद्दल. ४९८अ म्हणजे आताचं न्याय संहितेतलं कलम ८५, सासरच्या क्रूरतेचा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तो तुमच्या बाबतीत घडलेला आहे आणि तो नोंदवायचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. पण ‘सगळं सासर आत घालू’ हे जुन्या जमान्यातलं बोलणं झालं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर या गुन्ह्यात सरसकट अटक होत नाही, आधी हजर राहण्याची नोटीस जाते. दहा नातेवाइकांची नावं घातली की त्यातली निम्मी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेतात आणि तुमची मूळ खरी तक्रारही पातळ होते. पाठलागाचा गुन्हा तर पहिल्या वेळी जामीनपात्र आहे, ठाण्यातूनच जामीन होतो. म्हणजे दोन्ही कलमं लागू झाली तरी पुढच्या मंगळवारी तो टपरीवर येऊ शकतो. घडून गेलेल्याचा हिशेब ती कलमं कधीतरी करतील. मंगळवार थांबवायला वेगळा कागद लागतो.

तो कागद म्हणजे संरक्षण आदेश. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, न्यायालयाच्या आवारात त्याला नुसतं ‘डीव्ही’ म्हणतात. त्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला मनाई करू शकतात. तुमच्या कामाच्या ठिकाणी यायला, मुलीच्या शाळेत यायला, तुम्ही नेहमी जाता त्या ठिकाणी यायला, फोन, मेसेज, पत्र, कुठल्याही मार्गाने संपर्क करायला, आणि तुम्हाला मदत करणाऱ्या तुमच्या नातेवाइकांना त्रास द्यायला. तुमचं पत्र वाचून कोणीतरी हे कलम लिहिलं असावं इतकं ते बसतं. आणि खरी ताकद पुढे, कलम ३१ मध्ये आहे. हा आदेश मोडला, अगदी अंतरिम आदेश मोडला, तरी तो स्वतंत्र गुन्हा होतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि केवळ तुमच्या साक्षीवरही न्यायालय तो शाबीत धरू शकतं. आज तो टपरीवर उभा असताना ‘हात लावला तर या’ असं तुम्हाला सांगता येतं. आदेशानंतर तो त्याच टपरीवर, तसाच गप्प उभा राहिला, तरी तिथे उभं राहणं हाच गुन्हा असतो.

तुम्हाला कोणाला आत घालायचं नाही, असं लिहिलंत. या अर्जाचं स्वरूप मुळात दिवाणी आहे. अर्ज केल्याने कोणाला अटक होत नाही. त्याने आदेश पाळला तर त्याला कोणी हात लावणार नाही. आत जायचं की नाही हे त्याने ठरवायचं, ते ओझं तुमच्या डोक्यावर नको.

अर्ज साताऱ्याला जाऊन करायचा नाही. तुम्ही तात्पुरत्या राहता किंवा नोकरी करता तिथल्या न्यायालयातही तो चालतो, म्हणजे तुमच्याच तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आधी पोलीस तक्रार हवी अशी अट नाही. समुपदेशन झालेलं हवं, अशीही नाही. चार महिने उशीर झाला म्हणून अर्ज जात नाही, एक वर्षाची मुदत या अर्जाला लागू नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. अर्ज तुम्ही स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करू शकता. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, त्यांनी तुमची हकिगत ऐकून ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरायचा असतो. ते कुठे बसतात हे ठाण्यात कोणी सांगितलं नाही ना? कायद्याप्रमाणे पोलिसांनी ते सांगायला हवं होतं. १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा, किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तुमचा पगार चालू आहे म्हणून कोणी नाही म्हटलं तर १५१०० ला फोन करा. फुकटचा वकील नीट लढत नाही असं ऐकवणारे भेटतील. काही तसे असतात, पैसे घेणारेही काही तसेच असतात. वकील बदलून मागता येतो.

वकील कोणीही असो, त्यांना एक गोष्ट ठासून सांगा: मुख्य अर्जाबरोबर कलम २३ खाली अंतरिम आणि एकतर्फी आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी द्यायचं. हे सुटलं की सगळं सुटतं. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न. प्रत्यक्षात साठ दिवस कुठल्या कुठे जातात, अंतिम निकालाला वर्षंही लागतात. त्यातले कित्येक महिने नुसत्या नोटीस बजावणीत जातात. पत्ता बरोबर नाही, घराला कुलूप, सामनेवाला मिळून आला नाही. म्हणून त्याच्या घराचा, कामाच्या ठिकाणाचा पत्ता आणि चालू असलेले सगळे नंबर अर्जात द्या. पण कलम २३ खाली, धोका दिसतोय एवढी खात्री पटली, तर त्याचं म्हणणं ऐकण्याआधीच न्यायाधीश मनाई देऊ शकतात. ती खात्री पटवायलाच गळ्याचा प्रसंग, तारखांची वही, दोन एनसी आणि मेसेज. न्यायाधीश म्हणाले की आधी समोरच्याला ऐकू, तर जवळची तारीख मागायची, पुढच्या महिन्याची नाही.

मागणीत काय काय लिहायचं? संरक्षण आदेश तर झालाच, त्यात पतसंस्था, घर, शाळा आणि स्टँडपर्यंतचा रस्ता नावानिशी आला पाहिजे. ‘त्रास देऊ नये’ एवढाच आदेश निघाला तर तो मोडला हे ठरवताना पुन्हा वाद. शिवाय तुमचं स्त्रीधन, शिलाई मशीन, मुलीची कागदपत्रं परत मिळावीत. तुमची आणि मुलीची पोटगी. ती अर्जाच्या तारखेपासून मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात ठरवलं, म्हणून अर्ज लांबवण्यात तुमचंच नुकसान.

मुलीचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगते, कारण त्याची पुढची चाल तीच असणार आहे. ‘मी बायकोच्या मागे नाही, पोरीला भेटायला जातो’ हे तो ठाण्यात म्हणेल आणि न्यायालयातही म्हणेल, आणि ऐकणाऱ्याला ते पटेल. पाठलागाच्या कलमातही ‘वाजवी आणि समर्थनीय’ कारणाला अपवाद आहे. म्हणून तुम्हीच कलम २१ खाली मुलीचा तात्पुरता ताबा मागा, आणि भेटीबद्दल न्यायालयापुढे स्वतःहून बोला. भेट मुलीच्या हिताची नाही असं तुम्हाला वाटत असेल तर कारणांसह तसं सांगा. भेट द्यायचीच झाली तर न्यायालयाच्या आवारात, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, तिसऱ्या माणसासमोर. असं एकदा लिहून आलं की शाळेच्या फाटकाशी उभं राहायला त्याच्याकडे कारण उरत नाही. काही आयांना हे कमीपणाचं वाटतं, त्याला भेट देऊ करायची म्हणजे काय! पण तुमच्या हातातला हा चांगला डाव आहे. शाळेत मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी कळवा की मुलीला फक्त तुम्ही, आई किंवा भाऊच नेतील. आदेश मिळाला की त्याची प्रतही द्या.

मेसेजचं थोडक्यात. काहीही डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करून मैत्रिणीच्या मेलवर पाठवा. मूळ फोन जपा, रिसेट करू नका, विकू नका. मेसेजच्या छापील प्रती न्यायालयात देताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील. डिलीट झालेला तो धमकीचा मेसेज ज्यांनी ज्यांनी पाहिला त्यांची नावं वहीत लिहा. आणि एक तपासा: तुम्ही कुठे आहात हे त्याला प्रत्येक वेळी कळतं कसं? सिम त्याच्या नावावर आहे का, जीमेलचा पासवर्ड त्याला माहीत आहे का, लोकेशन शेअरिंग चालू आहे का, व्हॉट्सअॅप दुसऱ्या कुठल्या उपकरणावर जोडलेलं दिसतं का. जे सापडेल त्याचा आधी फोटो, मग बंद करायचं. तुमच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हेही त्याच कलम ७८ मध्ये येतं.

महिला कक्षातल्या समजुतीबद्दल माझं मत कडक आहे, आणि तिथल्या सगळ्याच बायका वाईट म्हणून नाही. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने विशेष कक्ष सुरू केला तेव्हा त्यामागची कल्पनाच ही होती, की ठाण्यात आलेल्या बाईच्या बाजूने उभं राहणारं प्रशिक्षित माणूस तिथे असावं. आजही अशा कक्षांतून उत्तम काम करणाऱ्या समाजसेविका आहेत. पण कित्येक ठिकाणी समुपदेशन म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून ‘तुम्ही थोडं घ्या, ते थोडं सोडतील’ एवढंच उरलंय. ज्याने गळा धरला त्याच्याबरोबर तिने काय वाटून घ्यायचं? डीव्ही कायद्याच्या नियमांत तर समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करायलाही मनाई आहे, आणि तडजोड बाईची इच्छा असेल तरच. परत बोलावणं आलं तर लेखी कळवा की मला एकत्र बैठक नको, मी न्यायालयात अर्ज केलेला आहे.

भावाला आवरा. त्याने एक थप्पड मारली तर दुसऱ्या दिवशी क्रॉस तक्रार होईल, दोन्हीकडून एनसी, आणि चार महिन्यांचा पाठलाग ‘दोन कुटुंबांतला वाद’ होऊन बसेल. त्याचं बळ दुसरीकडे लावा. संध्याकाळी तुम्हाला घ्यायला यावं, अंतरावरून व्हिडिओ घ्यावा, प्रतिज्ञापत्र द्यावं. तोवर ठाण्याकडे तुम्ही चॅप्टर केसचीही मागणी करू शकता. नव्या संहितेत ते कलम १२६ आहे, शांतता राखण्याचा बाँड कार्यकारी दंडाधिकारी लिहून घेतात. पोलिसांना एफआयआरपेक्षा हे करणं सोपं वाटतं, म्हणून कधी कधी पटकन होतं. पण संरक्षण आदेशाच्या जागी ते स्वीकारू नका.

आईचं ‘घरोघरी’ खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांमागे एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र शंभरात चौदा. आईच्या पिढीतल्या किती जणी त्या चौदांत असतील? तिच्याशी भांडू नका. तिने वळ पाहिले असतील तर तेवढं सांगायला तिला न्यायालयात यावं लागेल, आणि ते मागताना ती तुमच्या बाजूची हवी.

आदेश हातात आला की त्याची प्रत तुम्हाला आणि ठाण्याला विनामूल्य जाते. पण पोस्टावर विसंबू नका, स्वतः एक प्रत ठाण्यात देऊन पोहोच घ्या, एक पर्समध्ये, एक पतसंस्थेच्या व्यवस्थापकांकडे. नंतर तो दिसला की त्याच्याशी बोलायचं नाही. आत जायचं, ११२ लावायचा, आणि ठाण्यात ‘कलम ३१ खाली गुन्हा नोंदवा’ हेच शब्द वापरायचे. पहिल्यांदा दिसला तेव्हाच. ‘या वेळी सोडून देऊ’ असं दोनदा झालं की तोही आदेशाला मोजत नाही आणि पोलीसही. तो सत्र न्यायालयात अपील करेल, तीस दिवसांत करता येतं. केलं म्हणजे आदेश आपोआप थांबत नाही, तिथे स्थगिती मिळाली का एवढं वकिलांना विचारत राहा.

पतसंस्थेत सांगावं की नाही असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रावरून तिथे कोणाला माहीत नसावं असं वाटतं. सांगा. व्यवस्थापकांना आणि दारावरच्या शिपायाला, त्याचा फोटो दाखवून. सुटायची वेळ पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे करून मागा. समोरचा रस्ता दिसणारा कॅमेरा असेल तर गेल्या दिवसांचं चित्रण काढून ठेवायला आत्ताच लेखी विनंती करा, कारण बहुतेक ठिकाणी ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.